पाऱ्याची चाल: कोडाईकनालचा थर्मामीटर कारखाना आणि एक रॅप गाणे

३० जुलै २०१५ रोजी इंटरनेटवर जेमतेम तीन मिनिटांचे एक चित्रगीत प्रसिद्ध झाले. चेन्नईची रॅप गायिका सोफिया अशरफ हिने ते गायले होते, दिग्दर्शन रथींद्रन प्रसाद यांचे होते आणि ‘झटका’ या मोहिमा चालवणाऱ्या संस्थेने ते लोकांपुढे आणले होते. चाल निकी मिनाज या अमेरिकी गायिकेच्या आदल्याच वर्षी गाजलेल्या ‘ॲनाकोंडा’ या गाण्याची होती. विषय मात्र त्या चालीवर कोणी ऐकेल अशी कल्पनाही करता येणार नाही असा होता: तमिळनाडूतील कोडाईकनाल या थंड हवेच्या गावी असलेला, चौदा वर्षांपूर्वी बंद पडलेला पाऱ्याच्या थर्मामीटरचा कारखाना, तेथे काम करून आजारी पडल्याचे सांगणारे कामगार आणि कारखान्याच्या आवारातील माती. काही दिवसांत लाखो लोकांनी ते पाहिले, खुद्द निकी मिनाजने ते आपल्या चाहत्यांपर्यंत पोहोचवले, आणि ९ मार्च २०१६ रोजी हिंदुस्तान युनिलिव्हर या कंपनीने ५९१ माजी कामगारांशी तडजोड झाल्याचे जाहीर केले.

या दोन तारखांमध्ये सव्वासात महिन्यांचे अंतर आहे. त्याआधीची चौदा वर्षे निवेदने, अहवाल, तज्ज्ञ समित्या आणि न्यायालयीन तारखा यांत गेली होती. त्यामुळे ‘गाण्याने कंपनीला नमवले’ ही गोष्ट सांगायला सोपी आहे आणि ती जगभर तशीच सांगितली गेली. प्रस्तुत टिपण त्या गोष्टीला खोटे ठरवण्यासाठी नाही. पण गाण्याने जे मागितले आणि कामगारांना जे मिळाले त्यांत एक महत्त्वाचा फरक आहे. मागणी हक्काची होती, पदरी पडले ते ‘मानवतावादी भूमिकेतून’ दिलेले साहाय्य. हा फरक शब्दांचा वाटला तरी शब्दांपुरता नाही. तो का पडला हे समजून घेण्यासाठी आधी कारखान्याकडे आणि मग पाऱ्याकडे जावे लागते.

कारखाना

कोडाईकनाल पलनीच्या डोंगररांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटर उंचीवर आहे. चेझब्रो-पाँड्स या अमेरिकी कंपनीचा न्यूयॉर्क राज्यातील वॉटरटाउन येथे थर्मामीटरचा कारखाना होता. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात तो तिथून हलवून कोडाईकनालला उभारण्यात आला. १९८६ च्या अखेरीस हिंदुस्तान युनिलिव्हरची मूळ कंपनी युनिलिव्हर हिने चेझब्रो-पाँड्स विकत घेतली, १९९८ मध्ये पाँड्सची भारतीय शाखा त्या वेळच्या हिंदुस्तान लिव्हरमध्ये, म्हणजे आजच्या हिंदुस्तान युनिलिव्हरमध्ये, विलीन झाली आणि अशा रीतीने साबण, पावडर व चहा विकणारी मुंबईतील कंपनी या कारखान्याची थेट मालक झाली. पारा बाहेरून येई, तयार थर्मामीटर बाहेर जात. ते मुख्यतः अमेरिका आणि युरोपसाठी होते. ताप मोजण्याचे साधन श्रीमंत देशांतील दवाखान्यांत आणि घरांत पोहोचत होते आणि ते बनवण्यातील धोका डोंगरावरच्या एका गावात राहत होता. आरोग्यसेवेच्या चर्चेत आपण रुग्ण, डॉक्टर, औषध आणि खर्च यांचा विचार करतो. रुग्णाच्या काखेत ठेवलेली काचेची नळी कोणी भरली, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

७ मार्च २००१ रोजी तो विचारला गेला. कोडाईकनालमधील रहिवासी, पलनी हिल्स काॅन्झर्व्हेशन काउन्सिल ही स्थानिक संस्था आणि ग्रीनपीस यांनी गावातल्या मुंजिक्कल या गजबजलेल्या भागातील एका भंगारवाल्याच्या आवारात पाऱ्याने माखलेल्या फुटक्या काचेचा साठा उघडकीस आणला. तो सुमारे ७.४ टन असल्याचे आंदोलकांनी सांगितले. आपल्या अंतर्गत नियमांचा भंग होऊन काचेचे भंगार विकले गेले, हे कंपनीने मान्य केले आणि उत्पादन थांबवले. कारखाना पुन्हा सुरू झाला नाही. २००३ मध्ये पारामिश्रित असा सुमारे २९० टन कचरा पुनर्प्रक्रियेसाठी जहाजाने अमेरिकेला परत पाठवण्यात आला. विषारी कचरा श्रीमंत देशांतून गरीब देशांत येण्याची उदाहरणे पुष्कळ आहेत, उलट दिशेने गेल्याची फारच थोडी, त्यामुळे आंदोलनाचा हा विजय मोठाच होता. पण ज्यांनी कारखान्यात वर्षानुवर्षे श्वास घेतला ती माणसे कोणत्याही जहाजात बसवून परत पाठवता येण्यासारखी नव्हती.

शरीरातून निघून जाणारा पुरावा

या प्रकरणाचा सर्वांत अवघड भाग इथे आहे आणि गाण्याबद्दल लिहिणाऱ्या बहुतेकांनी तो वगळला आहे.

घरात थर्मामीटर फुटल्यावर फरशीवर धावणारे चंदेरी मणी ज्यांनी लहानपणी कागदाने गोळा केले आहेत, त्यांना पारा निरुपद्रवी, किंबहुना मौजेचा वाटतो. गिळलेला द्रवरूप पारा आतड्यातून फारसा शोषला जातही नाही. धोका त्याच्या वाफेत आहे. साध्या खोलीच्या तापमानालाही पाऱ्याची वाफ होत राहते. तिला रंग नसतो, वास नसतो, आणि श्वासाबरोबर आत गेलेल्या वाफेपैकी साधारण चार पंचमांश भाग फुप्फुसांतून रक्तात उतरतो. दीर्घकाळ संपर्क आल्यास मूत्रपिंडे आणि मज्जासंस्था यांना इजा होते: हात कापणे, हिरड्या सुजणे, तोंडाला लाळ सुटणे, विसरभोळेपणा, झोप न लागणे, क्षुल्लक कारणावरून चिडणे किंवा अतिशय भित्रेपणा येणे. एकोणिसाव्या शतकात युरोपात हॅट बनवणाऱ्या कारागिरांमध्ये, केसाळ कातड्यांवर पाऱ्याच्या क्षाराची प्रक्रिया केली जात असल्यामुळे, ही लक्षणे इतकी सर्रास दिसत की ती त्यांच्या धंद्याची ओळखच होऊन बसली होती.

या यादीकडे पुन्हा पाहिले तर कामगारांची अडचण लक्षात येते. मूत्रपिंडाचा विकार मधुमेहानेही होतो, हात दारूनेही कापतात, विसरभोळेपणा वयाने येतो आणि चिडचिड तर कशानेही होते. एकेका माणसाच्या बाबतीत ‘हे पाऱ्यामुळेच झाले’ असे म्हणायचे, तर त्याच्या रक्तात किंवा लघवीत पारा सापडायला हवा. पण शरीर पारा साठवून ठेवत नाही. संपर्क थांबल्यावर साधारण दोन महिन्यांत त्यातला निम्मा बाहेर पडतो, उरलेल्यातला निम्मा पुढच्या दोन महिन्यांत, आणि वर्ष-दोन वर्षांनी चाचणी घेतली तर त्या माणसाने आयुष्यात कधी पारा पाहिला होता की नाही हेही सांगता येत नाही. इजा राहते, साक्षीदार निघून जातो. म्हणून अशा प्रकरणात खरा पुरावा एकच उरतो: काम चालू असताना नियमितपणे केलेल्या तपासण्यांच्या नोंदी आणि कामाच्या जागेतील हवेची मोजमापे. त्या नोंदी करणारा आणि ठेवणारा कोण, तर कारखाना.

कायद्याला ही अडचण ठाऊक नव्हती असे नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत पाऱ्याची विषबाधा हा कळवणे बंधनकारक असलेला रोग होता. असा रुग्ण आढळल्यास व्यवस्थापकाने आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरने ते सरकारला कळवायचे असे. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये याच अधिनियमात नवी कलमे घालण्यात आली, ज्यांनुसार घातक प्रक्रियेची माहिती कामगारांना देणे, त्यांच्या आरोग्याच्या अचूक आणि अद्ययावत नोंदी ठेवणे आणि त्या त्यांना पाहायला मिळू देणे ही मालकाची जबाबदारी ठरली. १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले आणि त्या उद्योगात प्रत्येक कामगाराची वैद्यकीय नोंद नोकरीच्या आरंभापासून किमान ४० वर्षे किंवा नोकरी सुटल्यापासून १५ वर्षे, यांपैकी जे नंतर असेल तोवर, जपण्याचा आदेश दिला. न्यायालयाने एवढी लांब मुदत का घातली असेल, याचे उत्तर कोडाईकनालच्या प्रकरणात मिळते. आजार उशिरा उगवतो आणि तोपर्यंत कागद हरवलेला असतो.

कोडाईकनालच्या माजी कामगारांच्या संघटनेने २००६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयात याचिका दाखल केली. तोवर कारखाना बंद होऊन पाच वर्षे झाली होती. न्यायालयाच्या आदेशाने तज्ज्ञ समिती नेमली गेली. तिच्यात अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था, लखनौची विषविज्ञान संशोधन संस्था आणि दिल्लीची एम्स यांतील तज्ज्ञ होते. कामगारांच्या सध्याच्या प्रकृतीचा आणि पूर्वी झालेल्या पाऱ्याच्या संपर्काचा संबंध जोडण्याइतका पुरावा नाही, असा या समितीचा निष्कर्ष निघाला. कंपनीने पुढे सतत याच निष्कर्षाचा आणि आपण केलेल्या तपासण्यांचा आधार घेतला: कामगारांना कामामुळे अपाय झाल्याचे कोणत्याही अभ्यासात दिसलेले नाही, ही तिची अधिकृत भूमिका होती आणि तिने ती बदललेली नाही. २०११ मध्ये केंद्रीय कामगार मंत्रालयाच्या बाजूने झालेल्या तपासणीचा अहवाल मात्र कामगारांच्या म्हणण्याला पुष्टी देणारा होता. म्हणजे दोन सरकारी कागद परस्परांसमोर उभे होते आणि खटला चालूच होता.

पुरावा नाही आणि अपाय नाही ही दोन वेगळी विधाने आहेत, हे वैद्यकशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळते. सार्वजनिक चर्चेत मात्र पहिले विधान हळूहळू दुसऱ्याची जागा घेते. झाडापेडांची स्थिती या बाबतीत माणसांपेक्षा बरी होती म्हणायची: भाभा अणुसंशोधन केंद्राच्या हैदराबाद येथील प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी कोडाईकनालचे दगडफूल, शेवाळ आणि तलावातील मासे तपासले आणि पाऱ्याचे प्रदूषण नोंदवले, २००६ मध्ये ते शोधनियतकालिकात प्रसिद्धही झाले. दगडफूल धरून ठेवते, माणसाचे रक्त धरून ठेवत नाही.

गाणे काय करते

अशा स्थितीत गाणे आले. त्याच्या यशाची जी कारणे सांगितली जातात त्यांत चालीचा उल्लेख नेहमी पहिला असतो आणि तो योग्यही आहे, पण चाल का चालली याचा विचार थोडा पुढे न्यायला हवा.

मूळ गाण्याच्या धृपदात ‘ॲनाकोंडा’ या शब्दानंतर नकारार्थी क्रियापद येते. ‘कोडाईकनाल’ हा शब्द त्या जागी उच्चाराने जवळपास बसतो, आणि त्यातून नव्या गाण्याचे ‘कोडाईकनाल वोंट’ हे नाव आणि त्याचा आशय एकदमच तयार होतो: भरपाई केल्याशिवाय कोडाईकनाल मागे हटणार नाही. हा केवळ शब्दांचा खेळ नाही. मूळ गाणे स्त्रीदेहाचा बेधडक, मिरवणारा गौरव आहे. नवे गाणे त्याच ठेक्यावर झिजलेल्या, आजारी देहांविषयी बोलते. ऐकणाऱ्याच्या कानात आधीच्या गाण्याचे देहभान शिल्लक असतानाच पारा, मूत्रपिंडे आणि मृत्यू हे शब्द येतात. गंभीर चालीवर हीच माहिती दिली असती तर ती ‘जनजागृती’ या खात्यात जमा होऊन विसरली गेली असती.

प्रचलित चालीवर नवे शब्द बसवण्याची रीत मराठी माणसाला शिकवायला नको. गणेशोत्सवातले मेळे, आंबेडकरी जलसे, लाल बावटा कलापथक, या सगळ्यांनी लोकांच्या ओठांवर आधीच असलेली चाल उचलून तिच्यात आपला मजकूर भरला. सत्यनारायणाच्या मांडवापासून गिरणीच्या फाटकापर्यंत ती रीत चालली. पण साम्य इथपर्यंतच आहे. अमर शेख किंवा अण्णा भाऊ साठे ज्या कामगारांविषयी गात, त्यांच्यासमोरच गात; त्यांच्या शाहिरीचा हेतू त्या कामगारांना एकत्र आणणे, त्यांना त्यांचीच स्थिती लख्ख दाखवणे हा होता. सोफिया अशरफचे गाणे इंग्रजीत आहे. कोडाईकनालचा तमिळभाषक माजी कामगार त्याचा श्रोता नव्हे. तो त्या गाण्याचा विषय आहे. श्रोता आहे तो शहरातला, इंग्रजी समजणारा, कंपनीचा शॅम्पू वापरणारा ग्राहक, आणि त्याच्या मागे उभा असलेला लंडनमधील भागधारक. शाहिरी कसोटीवर हे उणे ठरेल. त्या वेळच्या गरजेच्या कसोटीवर मात्र तो अचूक नेम होता, कारण कामगार आधीच संघटित होते, चौदा वर्षे लढत होते. त्यांना जागे करण्याची गरज नव्हती, त्यांचे म्हणणे ज्याच्यापर्यंत पोहोचत नव्हते त्याला गाठण्याची होती.

आणखी एक बाब महत्त्वाची आहे. सोफिया अशरफ जाहिरातीच्या क्षेत्रात काम केलेली होती, आणि हिंदुस्तान युनिलिव्हर ही भारतातील सर्वांत मोठ्या जाहिरातदारांपैकी एक कंपनी आहे. मनात घोळत राहणारी छोटी धून काय करू शकते, हे या कंपनीइतके दुसऱ्या कोणाला क्वचितच ठाऊक असेल. भारतीयांच्या किमान दोन पिढ्यांना तिच्या साबणांची आणि कपडे धुण्याच्या पावडरींची गाणी तोंडपाठ आहेत. कंपनीने ज्या मार्गाने लोकांच्या घरात प्रवेश मिळवला होता, त्याच मार्गाने तिच्याविरुद्धची तक्रार त्याच घरांत शिरली. गाण्यात कंपनीचे नाव आडपडदा न ठेवता घेतलेले आहे. न्यायालयीन कागदातही ते होतेच, पण कागदातले नाव कोणी गुणगुणत नाही.

युनिलिव्हरचे तत्कालीन मुख्य कार्यकारी अधिकारी पॉल पोलमन यांनी ट्विटरवर जे उत्तर दिले त्यावरून नेम कुठे लागला ते दिसते. आम्ही अनेक वर्षांपासून तोडग्यासाठी प्रयत्न करत आहोत, पण गरज वस्तुस्थितीची आहे, खोट्या भावनांची नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पोलमन हे शाश्वत विकास आणि जबाबदार उद्योग यांचे जगातील एक ठळक पुरस्कर्ते म्हणून ओळखले जात. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने २०११ मध्ये उद्योग आणि मानवी हक्क यांविषयीची जी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली, त्यांचा आधार युनिलिव्हर आपल्या धोरणांत उघडपणे घेत होती, आणि त्या तत्त्वांचा तिसरा खांब म्हणजे अपाय झालेल्यांना दाद मिळण्याची सोय. आपली प्रतिमा ज्या कंपनीने मुद्दाम उंच ठेवली आहे, तिलाच असे गाणे लागते. प्रतिमेची फिकीर नसलेल्या एखाद्या लहान कारखानदाराविरुद्ध हेच गाणे गायले असते, तर त्याने खिडकी लावून घेतली असती.

पोलमन यांच्या उत्तरातील ‘वस्तुस्थिती’ हा शब्द दुसऱ्या कारणानेही लक्षात ठेवण्याजोगा आहे. वस्तुस्थिती ज्या नोंदींत असते त्या नोंदी मालकाकडे असतात, आणि ज्या शरीरात असते ते शरीर ती विसरलेले असते, हे वर आले आहे. अशा वेळी वस्तुस्थिती आणा असे म्हणणे दिसायला तटस्थ असले तरी तटस्थ नसते. गाण्यात वैद्यकीय बारकावे नाहीत, दाव्यांना पाठबळ देणाऱ्या तळटीपा नाहीत, आणि कंपनीची बाजू तर मुळीच नाही. टीकाकारांचा हा आक्षेप खरा आहे. परंतु गाणे पुरावा द्यायला उभे राहिलेच नव्हते. त्याने पुराव्याचे ओझे कोणाच्या खांद्यावर आहे, एवढा एकच प्रश्न लाखो लोकांसमोर नेला: तुम्ही आजारी आहात हे सिद्ध करा, असे कामगारांना विचारण्याऐवजी, तुम्ही स्वच्छ करून गेलात हे दाखवा, असे ते कंपनीला विचारते.

सोफिया अशरफने याआधी भोपाळच्या संदर्भात, तिथल्या युनियन कार्बाइडला पुढे विकत घेणाऱ्या डाउ केमिकलविरुद्धही रॅप गायले होते. तेही धारदार होते, पण त्याचा असा परिणाम झाला नाही. डाउ घराघरांत जाणारी वस्तू विकत नाही, हे त्याचे एक कारण असावे असे वाटते. दुसरे अर्थातच निकी मिनाजची चाल.

तडजोड

मार्च २०१६ च्या तडजोडीकडे पाहताना प्रथम हे नमूद करायला हवे की तिच्यामागे केवळ गाणे नव्हते. दहा वर्षे चाललेली याचिका, उच्च न्यायालयाने उभयपक्षी तोडगा काढण्यासाठी दिलेला रेटा, नित्यानंद जयरामन यांच्यासारख्या कार्यकर्त्यांचे अथक लेखन, गाण्याबरोबर चालवलेली सह्यांची मोहीम, परदेशी वृत्तपत्रांनी घेतलेली दखल, हे सगळे त्यात होते. गाण्याने या साऱ्याला मुदत घातली, असे म्हणणे अधिक बरोबर होईल. वाट पाहण्याची किंमत तोवर फक्त कामगार मोजत होते. जुलै २०१५ नंतर ती कंपनीलाही मोजावी लागू लागली.

५९१ माजी कामगार आणि त्यांचे वारस यांच्या उपजीविकेसाठी व कौशल्यविकासासाठी सानुग्रह रक्कम देण्याचे ठरले. ती किती, हे जाहीर करण्यात आले नाही. न्यायालयाने तडजोड नोंदवून घेतली आणि कामगारांची याचिका संपली. कामगारांच्या संघटनेने तिचे स्वागत केले. त्यांच्या जागी असणाऱ्या कोणीही तेच केले असते. दरम्यानच्या काळात अनेक सहकारी गेले होते, आणि औषधोपचाराचा खर्च तत्त्वचर्चेसाठी थांबत नाही.

तरीही ‘सानुग्रह’ या शब्दापाशी थांबायला हवे. सरकारी कचेरीत दिवाळीला जे सानुग्रह अनुदान मिळते त्यात ‘अनुग्रह’ आहे, म्हणजे देणाऱ्याची कृपा. घेणाऱ्याचा त्यावर दावा नसतो. नुकसानभरपाई याच्या नेमकी उलट आहे. १९२३ च्या भरपाई अधिनियमात पाऱ्यामुळे होणारे विकार व्यावसायिक रोगांच्या यादीत होते, आणि त्या मार्गाने रक्कम मिळाली असती तर तिच्याबरोबर एक निवाडाही मिळाला असता: हा माणूस कामामुळे आजारी पडला. तडजोडीत ते वाक्य नाही. कंपनीने अपाय झाल्याचे मान्य केले नाही, आपण मानवतावादी भूमिकेतून हे करत आहोत असे सांगितले, आणि आरोग्यावर परिणाम झाला नसल्याचे अभ्यास आहेत ही आपली भूमिका कायम ठेवली. वैद्यकशास्त्राच्या आणि कायद्याच्या वहीत कोडाईकनालचा कामगार आजही पाऱ्याने आजारी पडलेला नाही. उद्या दुसऱ्या एखाद्या कारखान्यातील कामगार न्यायालयात गेला, तर त्याला आधार म्हणून दाखवायला या प्रकरणातून निकाल मिळणार नाही, वैद्यकीय निष्कर्ष मिळणार नाही, रकमेचा आकडाही मिळणार नाही. गाणे तेवढे मिळेल.

माझ्या मते ही गाण्याच्या यशातली त्रुटी नाही. त्याच्या यशाच्या पद्धतीतून निघालेला तो परिणाम आहे. गाण्याने पुराव्याला वळसा घालून थेट प्रतिमेला हात घातला. प्रतिमेवर आलेल्या संकटाला कंपनीने प्रतिमेच्याच भाषेत उत्तर दिले, आणि त्या भाषेत औदार्य दाखवता येते, दोष कबूल करता येत नाही. न्यायालयीन मार्गाने कदाचित दोष ठरला असता. पण तो कधी ठरला असता आणि तोवर किती जण हयात असते, हे प्रश्न बाहेरून लिहिणाऱ्यापेक्षा त्या ५९१ जणांना जास्त नीट माहीत होते.

दुसरे गाणे

माती मागे राहिली. कारखाना पांबर शोला या दाट डोंगरी जंगलाच्या काठावर आहे आणि तेथून पाणी खाली मैदानाकडे उतरते. आवारातील मातीत किती पारा राहू दिला तर चालेल, याचा आकडा तमिळनाडू प्रदूषण नियंत्रण मंडळाने ठरवला: किलोमागे २० मिलिग्रॅम. सफाईच्या आराखड्यात नागपूरच्या ‘नीरी’चा, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेचा, सल्ला होता. ब्रिटनमध्ये वस्तीच्या जागेसाठी मूलद्रव्यरूप पाऱ्याचा आकडा किलोमागे १ मिलिग्रॅम आहे, मग त्याच कंपनीने भारतात वीसपट पारा मागे ठेवून का जावे, असे आंदोलकांचे म्हणणे. तो ब्रिटिश आकडा सफाईचे उद्दिष्ट नसून अधिक तपासणी कधी सुरू करावी याचा उंबरठा आहे, आणि फार खोल खणल्यास झाडे व मातीच जातील, असे कंपनीचे म्हणणे. दुसऱ्या युक्तिवादात तांत्रिक तथ्य आहे. पण उतारावरचे जंगल आणि खालचे पाणी यांचा विचार करता आकडा वस्तीच्या निकषाहून कडक हवा की सैल, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

२०१८ मध्ये दुसरे गाणे आले. याही वेळी सोफिया अशरफ होती आणि रथींद्रन प्रसाद होते, पण आता त्यांच्याबरोबर कर्नाटक संगीतातले मान्यवर गायक आणि मॅगसेसे पुरस्काराचे मानकरी टी. एम. कृष्णा होते, तसेच गायक अमृत राव होते. एन्नोरच्या खाडीच्या प्रश्नावर कृष्णा यांनी त्याआधीच्या वर्षी गायले होतेच. या गाण्यात तमिळ आहे, रागदारी आहे, उसनी चाल नाही. कारखान्याच्या आवारातील माती ब्रिटनमध्ये जितकी स्वच्छ केली असती तितकीच इथे करा, ही मागणी आणि तसे न करण्यामागचा वंशभेद, हा त्याचा विषय. संगीत म्हणून ते पहिल्यापेक्षा सरस आहे, आशय म्हणूनही अधिक खोल. पहिल्या गाण्यातला विषय झालेला माणूस इथे निदान स्वतःची भाषा ऐकू शकतो. त्याच वर्षी कोडाईकनालच्या उतारांवर बारा वर्षांनी येणारा कुरिंजीचा बहर होता. त्याआधीचा बहर २००६ मधला, कामगार न्यायालयात गेले त्या वर्षीचा. आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये भारताने पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराला मान्यता दिली, पाऱ्याची उत्पादने टप्प्याटप्प्याने बंद करण्यासाठी २०२५ पर्यंतची सवलत मागून घेत.

दुसरे गाणे पहिल्याइतके पसरले नाही. त्यात पायाला ताल धरायला लावणारी ओळखीची धून नव्हती हे एक कारण. दुसरे कारण मागणीच्या स्वरूपात आहे. आजारी माणसाला पैसे द्या, हे तीन मिनिटांत सांगता येते. किलोमागे २० आणि किलोमागे १ यांतील फरक ठेक्यावर बसत नाही. शिवाय या वेळी उत्तर देण्याची जबाबदारी विभागली गेली होती. पहिल्या गाण्याला लंडनहून मुख्याधिकारी उत्तर द्यायला पुढे आले, कारण त्यांच्या वस्तू बाजारात होत्या. दुसऱ्या गाण्यानंतर कंपनीला सांगता आले की आकडा आमचा नाही, नियामक मंडळाने ठरवलेला आहे. आणि मंडळ काही साबण विकत नाही. मातीच्या सफाईचे काम पुढे २० मिलिग्रॅमचाच निकष धरून हाती घेण्यात आले.